दवबिंदूच्या शोधात : घोरावाडी ते जर्मनी

'परदेशात जाऊन रिसर्च' असं म्हटलं की आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर दोनच उत्तरं मिळतात. पहिलं, "ते आय.आय.टी.वाल्यांचं काम!" आणि दुसरं, "आधी एम-थ्रीची केटी सोडव!" या दोन उत्तरांच्या गडबडीत मुद्द्याचा प्रश्न कुणी विचारतच नाही. बी.ई. पूर्ण न झालेला पोरगा तिकडच्या प्रयोगशाळेत जाऊन नेमकं करतो काय? आणि तिथे केलेलं इथे आल्यावर कुणाच्या कामाला येतं का?

थर्ड इयर संपल्यावरच्या सुट्टीत मला बारा आठवडे जर्मनीतल्या एका विद्यापीठात काम करण्याची संधी मिळाली. विषय होता 'स्मार्ट कनेक्टेड टेक्नॉलॉजी', म्हणजे सेन्सर, रेडिओ आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडून केलेली यंत्रणा. हे प्रवासवर्णन नाही. ऱ्हाइन नदी, चॉकलेट आणि बर्फ यांच्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलं आहे. मी लिहिणार आहे ते तिथे केलेल्या तीन गणितांबद्दल. तिन्ही गणितं सेकंड इयरच्या मुलाला येतात, फक्त ती एकत्र मांडायची असतात.

'कनेक्टेड' हे प्रकरण किती जुनं?

'इंटरनेट ऑफ थिंग्ज' हा शब्द केव्हिन अ‍ॅश्टन यांनी १९९९ साली वापरला. पण वस्तू त्याआधीच नेटवर बोलू लागल्या होत्या. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला काही विद्यार्थ्यांनी कोकच्या मशीनचे दिवे डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटरला जोडले. कारण एवढंच, की जिने उतरून जावं आणि मशीन रिकामं निघावं किंवा बाटली गरम मिळावी याचा त्यांना कंटाळा आला होता! केंब्रिजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये १९९१ साली असाच एक कॅमेरा कॉफीच्या भांड्यावर रोखला गेला. १९९३ साली ते चित्र वेबवर आलं आणि २००१ साली तो कॅमेरा बंद होईपर्यंत जगभरातले लोक ते भांडं बघत राहिले.

हसू येतं ना? पण यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. यांपैकी कुणीही "चला, काहीतरी स्मार्ट करू" म्हणून सुरुवात केली नव्हती. आधी अडचण होती, मग तार जोडली. आपल्या प्रोजेक्टचं बहुतेक वेळा उलट असतं. आधी बोर्ड विकत आणतो आणि मग त्याला शोभेल असा प्रश्न शोधत फिरतो.

माझा प्रश्न मावळातला होता

मी राहतो घोरावाडीला. बेगडेवाडी आणि तळेगाव यांच्या मधलं हे लोकलचं छोटं स्टेशन. डुलकी लागली तर कधी आलं आणि गेलं ते कळत नाही. माझ्या मामाचं पवनानगरकडे वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, त्यात डच गुलाब. मावळातला गुलाब व्हॅलेंटाइन डेला परदेशात जातो हे तुम्ही दर फेब्रुवारीत पेपरात वाचता. त्यामागचं वेळापत्रक मात्र फार कडक असतं. डिसेंबरात छाटणी करायची, साधारण पंचेचाळीस दिवसांनी फूल तोडणीला यायला हवं. आठवडाभर उशीर झाला तर तेच फूल मिळेल त्या भावाला जातं. बँकेचा हप्ता मात्र तारखेलाच असतो!

या पंचेचाळीस दिवसांत मामाची झोप उडवणारी गोष्ट म्हणजे डाउनी. हा बुरशीसारखा रोग. त्याला थंड आणि दमट हवा लागते, आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर, आणि पानावर ओल. एका हिवाळ्यात डाउनीने मामाचा अख्खा फ्लश नेला. पानं गळाली, दांडे राहिले. त्या वर्षी एक्स्पोर्टचा एकही बॉक्स भरला गेला नाही.

यावर मामाच्या हातात उपाय दोन. एक फवारणी, जी महाग असते आणि निर्यातीच्या फुलावर तिचे अंश मोजले जातात. दुसरा उपाय बाजूचे पडदे. रात्री पडदे बंद ठेवले तर आत ऊब राहते, पण झाडांनी सोडलेली वाफ आतच कोंडते. पडदे उघडले तर वाफ जाते, पण थंडी आत येते आणि कळी लांबते. मग उघडायचे कधी, किती आणि किती वेळ? मामा म्हणायचा, "आरं, हात फिरवला पानावर का कळतं." पण पानाला हात लावून ओल कळते तेव्हा ओल आलेली असते. मला ती यायच्या आधी तासभर कळायला हवी होती.

प्रोफेसरांना पाठवलेल्या पहिल्या मेलमध्ये मी हाच प्रश्न लिहिला होता. मार्कांची यादी त्याच्या खाली होती.

गणित पहिलं : दवबिंदू

फिजिक्समध्ये आपण हे शिकलो आणि विसरलो. हवा जितकी गार, तितकी ती कमी वाफ धरू शकते. हवा गार करत गेलो तर एका तापमानाला ती वाफेने पूर्ण भरते. तोच दवबिंदू. एखादा पृष्ठभाग या तापमानाच्या खाली गेला की त्यावर पाणी जमतं. थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम फुटतो तो यामुळेच.

आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर एक सोपा ठोकताळा चालतो :

दवबिंदू = हवेचं तापमान − (१०० − आर्द्रता) ÷ ५

समजा पहाटे तीन वाजता पॉलिहाऊसमध्ये १४ अंश सेल्सिअस आणि ९० टक्के आर्द्रता आहे. १०० वजा ९० म्हणजे १०, भागिले ५ म्हणजे २. दवबिंदू १२ अंश. मॅग्नसच्या सूत्राने नीट काढला तर १२.४ येतो. म्हणजे ठोकताळा काही वाईट नाही.

आता तुम्ही म्हणाल, हवा तर १४ अंश आहे, मग दव कसं पडेल? गंमत इथेच आहे. पान हवेच्या तापमानाला नसतं! निरभ्र रात्री पान आणि वरचं प्लॅस्टिक आकाशाकडे उष्णता फेकत असतात आणि हवेपेक्षा एक-दोन अंश गार होतात. हवा १४ आणि पान १२ असेल तर पान दवबिंदूच्या खाली गेलं. पान ओलं झालं! म्हणून फक्त हवेचं तापमान आणि आर्द्रता मोजून भागत नाही, पानाचं तापमान वेगळं मोजावं लागतं. त्यासाठी पानाच्या खालच्या बाजूला एक बारीक थर्मिस्टर चिकटवला तरी पुरतो.

मिठाची बरणी

मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी चकचकीत उपकरणं हातात येतील. पहिले दोन आठवडे हातात काय आलं? काचेच्या बरण्या आणि मीठ! आपल्या स्वयंपाकघरातलं मीठ.

कारण असं. सेन्सरच्या माहितीपत्रकात 'अचूकता ± ५ टक्के' असं लिहिलेलं असतं आणि आपण ते वाचून पुढे जातो. तिथे मला विचारलं गेलं, या पाच टक्क्यांचा तुझ्या प्रश्नावर परिणाम काय? वरचंच उदाहरण घ्या. हवा १४ अंश, सेन्सर ९० टक्के दाखवतो. म्हणजे खरी आर्द्रता ८५ ते ९५ यांच्यामध्ये कुठेही असू शकते. ८५ असेल तर दवबिंदू ११.५ अंश. ९५ असेल तर १३.२ अंश. पान आहे १२ अंशांवर. मग पान ओलं की कोरडं? उत्तर दोन्ही! असा सेन्सर लावून मामाला रात्री उठवणं म्हणजे नाणं उडवून उठवण्यासारखं. ± २ टक्क्यांचा सेन्सर घेतला तर दवबिंदू १२.० ते १२.७ यांच्यामध्ये येतो. आता काहीतरी बोलता येतं.

पण तो खरोखर ± २ आहे हे कशावरून? इथे मीठ येतं. बंद बरणीत तळाशी मीठ आणि थोडंसं पाणी घालून घट्ट ओला लगदा केला, की त्यावरच्या हवेची आर्द्रता निसर्गच ठरवतो. २५ अंशांना ती सुमारे ७५ टक्के असते. मिठाऐवजी पोटॅशियम सल्फेट घेतलं तर सुमारे ९७ टक्के. सेन्सर आत लटकवायचा, लगद्याला चिकटू द्यायचा नाही, बरणी एकाच तापमानाला काही तास ठेवायची आणि आकडा वाचायचा. दोन बरण्या म्हणजे दोन बिंदू, आणि दोन बिंदूंतून एक रेघ. झालं कॅलिब्रेशन!

या प्रयोगाला किती खर्च येतो? लोणच्याची रिकामी बरणी घरात असतेच. हे आपल्या लॅबमध्ये आज दुपारी करता येईल. तिकडे जाऊन मी जे सर्वांत मोलाचं शिकलो, त्याला तिकडचं उपकरण लागतच नव्हतं. पण 'तुझ्या आकड्यावर विश्वास का ठेवू?' हा प्रश्न रोज सकाळी विचारणारी माणसं लागतात. तिकडे तो प्रश्न पोराटोरांनाही विचारतात आणि त्यात अपमान कुणाला वाटत नाही. प्रोफेसरांनाही विद्यार्थी तोच प्रश्न विचारतात, तेही पहिल्या नावाने हाक मारून! आपल्याकडे सरांना असं विचारायचं तर आधी दोन दिवस धीर गोळा करावा लागतो.

आणखी एक गोष्ट समजली. असे सेन्सर बराच काळ अगदी दमट हवेत राहिले की हळूहळू जास्त आर्द्रता दाखवू लागतात. आणि पॉलिहाऊस म्हणजे दमटपणाचं माहेरघर! म्हणून बरणीची परीक्षा हंगामाच्या आधी एकदा आणि मध्ये पुन्हा घ्यायची.

गणित दुसरं : बॅटरी

पॉलिहाऊसमध्ये वीज असते, पण रात्रीचं भारनियमन आणि ठिबकाच्या मोटरचे झटके लक्षात घेता सेन्सर बॅटरीवर चाललेला बरा. मग बॅटरी किती दिवस टिकेल?

दर दहा मिनिटांनी एक संदेश, म्हणजे दिवसाला १४४. एका संदेशासाठी जागं होणं, मोजणं, रेडिओवर पाठवणं आणि उत्तराची वाट पाहणं, हे सगळं मिळून समजा २० मिलिअँपिअर-सेकंद लागतात. १४४ गुणिले २० म्हणजे २८८०, भागिले ३६०० म्हणजे ०.८ मिलिअँपिअर-तास. बाकीचा वेळ यंत्र झोपलेलं. झोपेत १० मायक्रोअँपिअर लागत असतील तर दिवसाचे ०.२४. एकूण १.०४. दोन साधे सेल एकापुढे एक जोडले, क्षमता २४००, त्यातले ७० टक्के वापरता येतात असं धरलं तर १६८० भागिले १.०४, म्हणजे सोळाशेहून जास्त दिवस. कागदावर चार वर्षांपेक्षा जास्त!

आता तेच काम वाय-फायने करा. वाय-फायला राउटरशी जोडायलाच काही सेकंद जातात. सरासरी ८० मिलिअँपिअर आणि पाच सेकंद धरले तर एका संदेशाला ४००. वीसपट! बॅटरी साडेतीन महिन्यांत संपली.

आणि तिसरा प्रकार तर फारच मजेदार. बाजारात मिळणाऱ्या डेव्हलपमेंट बोर्डावर एक छोटा लाल दिवा कायम जळत असतो, शेजारी व्होल्टेज रेग्युलेटर आणि यू.एस.बी.ची चिप. चिप झोपली तरी ही मंडळी जागीच! सगळी मिळून १० मिलिअँपिअर खात असतील तर दिवसाला २४० गेले आणि बॅटरी आठवड्यात गार. प्रोग्राम कितीही हुशारीने लिहा, तो लाल दिवा तुम्हाला हरवतो. म्हणून मीटर लावून झोपेतला करंट मोजल्याशिवाय बॅटरीचा दावा करू नये. व्हायवाला परीक्षकांनी हा प्रश्न विचारला तर माझी आठवण काढा!

गणित तिसरं : रेडिओ

पॉलिहाऊसपासून मामाचं घर दीड किलोमीटर. एवढ्या अंतराला आम्ही 'लोरा' नावाचा रेडिओ वापरला. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सायक्लिओ कंपनीने तो विकसित केला आणि २०१२ साली सेमटेक या कंपनीने ती विकत घेतली. याची खुबी म्हणजे तो संदेश मुद्दाम सावकाश बोलतो. जितका सावकाश, तितका दुबळा आवाजही ऐकू येतो. किती सावकाश ते 'स्प्रेडिंग फॅक्टर' ठरवतो, ७ पासून १२ पर्यंत.

मोकळ्या हवेतली घट काढायचं सूत्र :

घट = ३२.४४ + २० लॉग (मेगाहर्ट्झ) + २० लॉग (किलोमीटर)

८६६ मेगाहर्ट्झ आणि १.५ किलोमीटरला उत्तर येतं ९४.७ डेसिबल. आपण १४ डी.बी.एम.ने पाठवलं तर पलीकडे उणे ८०.७ पोहोचायला हवं. फॅक्टर ७ ला रिसीव्हर उणे १२३ पर्यंत ऐकतो. म्हणजे ४२ डेसिबल शिल्लक. चैन आहे!

पण हे झालं मोकळ्या हवेचं. जर्मनीत आमची चाचणी सपाट शेतावर झाली आणि आकडे सूत्राच्या जवळ आले. मावळात सपाट काय आहे? पॉलिहाऊस आणि घर यांच्या मध्ये एक टेकडीची सोंड आणि तिच्यावर झाडी. तिथे मोजलं तर सिग्नल उणे ११८च्या आसपास. टेकडीने ३७ डेसिबल गिळले! फॅक्टर ७ वर हातात उरले फक्त पाच. पावसाने झाडी वाढली की तेही जाणार. फॅक्टर १० वर रिसीव्हर उणे १३२ पर्यंत ऐकतो, म्हणजे १४ शिल्लक. पण त्याची किंमत मोजावी लागते. दहा बाइटचा संदेश ७ वर ६२ मिलिसेकंदांत जातो, १० वर त्याला ३७१ लागतात. सहापट वेळ, म्हणून पाठवण्याचा खर्चही सहापट. वर बॅटरीच्या गणितात मी २० हा आकडा धरला तो याच फॅक्टर १० चा. बघा, तीन गणितं वेगवेगळी वाटतात, पण टेकडी मध्ये आली की बॅटरी संपते!

तिकडचं इकडे आणताना

तिकडून आणलेली यंत्रणा इथे तशीच लावता येत नाही. पहिली अडचण कायद्याची. युरोपात लोराचे नेहमीचे तीन चॅनेल ८६८.१, ८६८.३ आणि ८६८.५ मेगाहर्ट्झवर आहेत. आपल्याकडे २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा लायसनशिवाय वापरायला खुला झाला आणि २०२१ साली तो ८६८ पर्यंत वाढवला गेला. म्हणजे युरोपातलं सेटिंग आपल्या पट्ट्याच्या बाहेर पडतं. प्रोग्राममध्ये भारताचे चॅनेल घालावे लागतात. उलट युरोपात त्या चॅनेलवर तासाला एक टक्का वेळच, म्हणजे ३६ सेकंदच, बोलायची मुभा असते. तसं बंधन लोराच्या भारतीय आराखड्यात नाही. पण शेजारच्या पॉलिहाऊसवालाही उद्या हेच लावणार आहे हे ध्यानात ठेवून कमी बोललेलं बरं.

दुसरी अडचण त्याहून मोठी. तिकडचं ग्रीनहाऊस काचेचं, गरम पाण्याच्या पाइपांनी तापवलेलं, खिडक्यांना मोटर. सेन्सरने सांगितलं की कॉम्प्युटर खिडकी उघडतो. माणूस घरी झोपलेला. २०१८ साली नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठाने तर अशी स्पर्धाच घेतली, की संघांनी दूर बसून, कॉम्प्युटरच्या मदतीने काकड्या पिकवायच्या! इथे मामाच्या पॉलिहाऊसला प्लॅस्टिक आहे आणि पडदा हाताने गुंडाळायचा दांडा आहे. मोटर बसवायची तर खर्च, आणि पहाटे वीज नसली तर ती काय कामाची? तेव्हा आमच्या यंत्रणेच्या शेवटी मोटर नाही, मामा आहे.

मग मामाला कळवायचं कसं? ऍप केलं तर तो उघडणार नाही. मेसेज पाठवला तर सकाळी वाचणार. शेवटी सगळ्यात देशी तोडगा कामी आला : मिस कॉल! घरातल्या रिसीव्हरला सिम कार्डाचं मॉड्यूल जोडलं. पानाचं तापमान आणि दवबिंदू यांच्यातलं अंतर एक अंशापेक्षा कमी झालं आणि ते आणखी घटत असलं, की मामाच्या फोनवर रिंग. एक मिस कॉल म्हणजे पडदे वीतभर उघड, दोन म्हणजे हातभर. खर्च शून्य आणि शिकवायला लागली दोन मिनिटं.

पहिले काही दिवस मामा रिंग आली की जाऊन पानाला हात लावून बघायचा. पान कोरडं असलं की सकाळी मला फोन, "काय रं, उगाच उठवलंस?" मी म्हणायचो, "मामा, ओलं व्हायच्या आधी उठवलं, म्हणून तर कोरडं लागलं." एका रात्री त्याने मुद्दाम पडदा उघडला नाही. तासाभराने पुन्हा जाऊन हात फिरवला. त्यानंतर मात्र सकाळचे फोन बंद झाले.

त्या हंगामात मामाचे बॉक्स वेळेवर गेले. म्हणून डाउनी आमच्या यंत्राने रोखली असं मी म्हणावं का? नाही. एकच पॉलिहाऊस, एकच हिवाळा आणि तुलनेला काही नाही, यावरून असा निष्कर्ष काढला तर जर्मनीत शिकलेलं सगळं वाया गेलं म्हणायचं. पुढच्या हिवाळ्यासाठी आम्ही पॉलिहाऊसमध्ये मधोमध प्लॅस्टिकचा पडदा टाकायचं ठरवलं आहे. एका अर्ध्यात पडदे यंत्राच्या सांगण्यावरून उघडायचे, दुसऱ्या अर्ध्यात मामाच्या सवयीप्रमाणे. मामाने लगेच विचारलं, "आन् दुसऱ्या अर्ध्यात रोग आला तर?" हा प्रश्न कुठल्याच सूत्रात बसत नाही. तिथे प्लॉट म्हणजे आकडा असतो, इथे तो हप्ता असतो. म्हणून तुलना पूर्ण अर्ध्याची न करता दोन-दोन ओळींची करायची, असं आता ठरतंय.

तळेगावचा जुना धडा

बाहेर शिकून इथे येऊन काम उभं करायची वाट काही आपण पाडलेली नाही. घोरावाडीच्या पुढचंच स्टेशन घ्या. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. तो चालवायला बोलावले गेले ईश्वरदास वार्ष्णेय, जे जपानमध्ये आणि अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये शिकून आले होते. आज एम.आय.टी.चं नाव ऐकून आपले डोळे मोठे होतात, आणि शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तिथे शिकलेला माणूस आपल्या लोकलच्या मार्गावर भट्टी पेटवत होता! आणि तो कारखाना नुसती काच करत नव्हता, शिकवतही होता. इथे तयार झालेल्या कारागिरांनी पुढे देशात इतरत्र काचेचा धंदा उभारायला हातभार लावला. एकाने बाहेरून आणलेलं ज्ञान अनेकांच्या हातात गेलं, ही त्यातली खरी कमाई.

आणि बाहेर न जाताही काम होतंच. पुण्याच्या सी.ओ.ई.पी.च्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' हा एक किलोच्या आतला उपग्रह बनवला. २२ जून २०१६ रोजी पी.एस.एल.व्ही.-सी ३४ने तो अवकाशात सोडला. संदेश साठवून दुसरीकडे पोहोचवणं हे त्याचं काम. म्हणजे तीही कनेक्टेड टेक्नॉलॉजीच, तीही बी.टेक.च्या मुलांची, आणि बॅचमागून बॅच पास होऊन जात असताना चिकाटीने पूर्ण केलेली. तेव्हा व्हिसा मिळाला नाही म्हणून रिसर्च अडला, हे कारण चालणार नाही.

जायचंच असेल तर

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. कॅनडाच्या 'मायटॅक्स ग्लोबलिंक'मध्ये बारा आठवड्यांचं काम असतं, त्यांच्या यादीतून प्रोजेक्ट निवडून अर्ज करायचा. जर्मनीच्या डी.ए.ए.डी. संस्थेच्या 'वाइज' योजनेत आधी तिकडच्या प्रोफेसरांचं निमंत्रण मिळवावं लागतं. दोन्हीकडे कॉलेज, वर्ष आणि मार्क यांच्या अटी असतात आणि त्या बदलत राहतात, म्हणून संस्थेच्या अधिकृत माहितीवरच विसंबा, सीनियरच्या आठवणीवर नाही. उन्हाळ्यात जायचं तर तयारी आदल्या पावसाळ्यात सुरू करा. पासपोर्ट त्याहीआधी. घरच्या खर्चाने जायचा विचार असेल तर आई-वडिलांना पूर्ण हिशोब दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. कर्ज काढून बारा आठवडे जाण्याइतकं त्यात काही नाही.

मेल लिहिताना 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी हार्डवर्किंग' हे शंभर जणांना एकाच साच्यात पाठवू नका. एका प्रोफेसरांचा एक पेपर नीट वाचा. त्यात जे समजलं नाही किंवा आपल्याकडे लागू पडेल की नाही अशी शंका आली, ते चार ओळींत विचारा. मला आलेलं उत्तर दोनच ओळींचं होतं : तुझ्या मामाच्या पॉलिहाऊसमध्ये रात्री आर्द्रता किती असते, आणि ती तू कशाने मोजलीस?

शेवटी एवढंच सांगावंसं वाटतं. तुमच्या घरी, शेतात, वडिलांच्या वर्कशॉपमध्ये किंवा आईच्या पापडाच्या व्यवसायात एखादा असा निर्णय रोज अंदाजाने घेतला जातो. तो निर्णय वहीत लिहा. त्यासाठी काय मोजावं लागेल आणि किती अचूक मोजावं लागेल, ते त्याखाली लिहा. मग लोणच्याची रिकामी बरणी धुऊन, कोरडी करून लॅबमध्ये घेऊन या. मीठ कॅन्टीनमधून मिळेल. मी सोमवार आणि गुरुवारी चारनंतर तिथेच असतो.